मायक्रोवेव्ह आला खरा, पण ठेवायचा कुठे?

मॉडेल निवडायला चार दुकानं, आणि जागा निवडायला चार मिनिटं! नांदेड-लातूरच्या किचनमध्ये मायक्रोवेव्हला हक्काची जागा कशी मिळवून द्यायची, त्याचा हा साधा-सोपा फंडा.

दिवाळीचा बोनस, लग्नातला आहेर किंवा एखादी एक्स्चेंज ऑफर... निमित्त काहीही असो, मायक्रोवेव्ह घरात येतो तो एकदम थाटात. सोलो घ्यायचा की कन्व्हेक्शन, यावर ऑफिसच्या लंच टाइममध्ये चर्चासत्रं झडतात. ईएमआयचं गणित मांडलं जातं. रंग काळा की सिल्व्हर, यावरून घरात मतदान होतं. पण तो ठेवायचा कुठे? हा प्रश्न पडतो तो डिलिव्हरीवाला खोकं घेऊन किचनच्या दारात उभा राहतो तेव्हा! मग 'सध्या फ्रिजवर ठेवा, नंतर बघू' असं ठरतं. आणि हे 'सध्या' पुढची पाच वर्षं हलत नाही.

नांदेडच्या तरोडा नाक्याकडचे नवे फ्लॅट असोत की लातूरच्या औसा रोडवरचे बंगले, या एका नजरेनं किचन पाहायला लागलं की गंमत वाटते. मायक्रोवेव्ह कुठे म्हणून दिसत नाही? फ्रिजच्या डोक्यावर, वॉशिंग मशीनवर, गॅसला खेटून, हॉलमधल्या टीव्हीशेजारी. एका घरात तर मी तो चक्क माळ्याच्या फळीवर पाहिला. खाली स्टूल ठेवलेलं. म्हणजे आधी स्टूलवर चढायचं, मग वरण गरम करायचं!

हसू येतं, पण मामला तसा गंभीर आहे. कारण इथं एकीकडे वीज आहे, दुसरीकडे उकळती वाटी आणि त्यात भर म्हणून पंधरा-वीस किलोंचं वजन. त्यामुळे जागा ठरवताना 'कुठे छान दिसेल' हा प्रश्न सगळ्यात शेवटी. त्याआधी तीन प्रश्न येतात. भिंतीमागची वायर कशी आहे? हवा खेळेल का? आणि तो वापरणाऱ्या सगळ्यात कमी उंचीच्या माणसाचा खांदा कुठे येतो?

आधी वायर, मग टाइल्स

खोक्यावर मोठ्या अक्षरात '800 वॉट' लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं, मिक्सरपेक्षा थोडं जास्त, त्यात काय! पण हा आकडा अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचा असतो. ओव्हन विजेच्या तारेतून ओढतो त्याहून बराच जास्त. 20 लिटरचा साधा सोलो ओव्हनही 1100-1200 वॉटच्या आसपास ओढतो. 28-30 लिटरचा कन्व्हेक्शन असेल, तर केक भाजताना हा आकडा दोन हजारांच्या पुढे जाऊ शकतो. खरा आकडा मागच्या बाजूच्या छोट्या पट्टीवर 'इनपुट' म्हणून छापलेला असतो. दुकानातच तो बघून घ्या.

आता गणित सोपं आहे. वॉटला 230 नं भागा, अँपिअर मिळतील. 1200 वॉट म्हणजे पाच अँपिअरहून थोडे जास्त. 2300 वॉट म्हणजे दहा अँपिअर. आपल्या भिंतीवरचं साधं, छोट्या पिनांचं सॉकेट असतं 6 अँपिअरचं. म्हणजे सोलो ओव्हननंच ते जवळजवळ भरून जातं आणि कन्व्हेक्शनचा तर प्रश्नच नाही. त्याला लागतो जाड पिनांचा 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट. तोही नुसतं सॉकेट बदलून चालत नाही. मागची वायर तेवढ्या ताकदीची हवी (तांब्याची, निदान 2.5 चौरस मिलिमीटरची) आणि मेन बोर्डावर त्या लाइनचा वेगळा एमसीबी हवा.

जुन्या घरांत पॉवर पॉइंट असतो तो फार तर बाथरूममध्ये गीझरला आणि हॉलमध्ये एसीला. किचनमध्ये एकच बोर्ड, आणि त्यावर फ्रिज, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर आधीच ठाण मांडून बसलेले! मग बाजारात किरकोळ किमतीत मिळणारं ते कन्व्हर्टर आणलं जातं, ज्यात जाड पिन घुसवून छोट्या सॉकेटला जोडता येते. किंवा एक्स्टेंशन बोर्ड. दोन्हींना सरळ नाही म्हणा. प्लग गरम लागणं, सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग पडणं, जळकट वास येणं ही सॉकेटनं दिलेली नोटीसच असते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. नवं किचन होत असेल तर टाइल्स बसण्याआधी वायरमनला बोलवा, ट्रॉलीवाल्याला नंतर. तयार घर असेल तर वायर आहे तिथं मायक्रोवेव्ह न्या, किंवा मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या. पॉइंट ओव्हनच्या बरोब्बर मागे नको, बाजूला हवा. म्हणजे ओव्हन न सरकवता प्लग काढता येतो.

इन्व्हर्टरचा मोह आवरा

भारनियमनाचे ते दिवस मराठवाड्यातली आपली पिढी विसरलेली नाही. अभ्यास, मॅच, सिनेमा, सगळं लाइटच्या वेळापत्रकावर! त्यामुळे घरोघरी इन्व्हर्टर आहेच. पण घरगुती 900 व्हीएचा इन्व्हर्टर देऊन देऊन देणार 700 वॉटच्या आसपास. त्यावर पंखे आणि दिवे चालतात, मायक्रोवेव्ह नाही. किचनमधला कुठला पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे, हे आधी वायरमनकडून खात्री करून घ्या आणि ओव्हन त्यावर लावू नका. लाइट गेली की प्लग काढा, आणि आल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मगच लावा. परत येणाऱ्या विजेचा पहिला झटका ओव्हननं कशाला खायचा?

आणखी एक कटकट म्हणजे कमी व्होल्टेजची. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे कूलर आणि एसी एकदम सुरू झाले की व्होल्टेज झोपतं. 230 ऐवजी 180 व्होल्ट आले, तर ग्रिलची कॉइल साधारण साठ टक्केच उष्णता देते. त्यामुळे केक बसला तर दरवेळी रेसिपीला शिव्या देऊ नका! स्टॅबिलायझर लावणार असाल तर ओव्हनच्या इनपुटला पुरेल असाच घ्या. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर इथं कामाचा नाही. आणि हो, त्यालाही जागा लागते, तीही आधीच ठरवा.

काळ्या मातीतलं अर्थिंग

प्लगची तिसरी, मोठी पिन काय करते? ओव्हनचं धातूचं अंग ती जमिनीशी जोडते. आत काही बिघाड होऊन अंगात वीज उतरली, तर ती तुमच्या हातातून न जाता तारेतून जमिनीत जावी म्हणून. पण जमिनीनं ती घ्यायला हवी ना? कोरडी माती विजेला वाट देत नाही, ओली माती देते. आणि आपल्याकडे आहे काळी माती. पावसाळ्यात चिखल आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा! पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर पडतं ते याचमुळे. जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरत आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत, ते उगीच नाही.

त्यामुळे ओव्हन बसवायच्या दिवशी वायरमनकाकांना एवढंच सांगा, की सॉकेटचं अर्थिंग टेस्ट लॅम्प लावून तपासून द्या. दिवा फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढा लख्ख पेटतो, तेवढाच फेज आणि अर्थमध्ये पेटला तर ठीक. मंद पेटला तर काम बाकी आहे. हे स्वतः करून बघायचं धाडस मात्र नको. आणि ओव्हनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर 'होतं असं कधी कधी' म्हणू नका. प्लग काढा.

श्वास घेऊ द्या त्याला!

मायक्रोवेव्हच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. अन्न गरम करणाऱ्या लहरी तोच तयार करतो आणि ते करताना स्वतःही चांगलाच तापतो. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांनी 1945 मध्ये या लहरींवर अन्न शिजवण्याची शक्कल काढली. 1947 मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन जवळजवळ माणसाएवढा उंच आणि सुमारे 340 किलोंचा होता. आणि गंमत म्हणजे, तो थंड ठेवायला त्याला चक्क पाण्याचा नळ जोडावा लागे! ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन आला 1967 मध्ये.

आजचा ओव्हन पाण्याऐवजी हवेवर थंड होतो. पंखा आत असतो आणि झरोके मागे, बाजूला किंवा वर. बऱ्याच मॅन्युअल्समध्ये साधारण सांगितलेलं असतं, की वर 20 सेंटिमीटर आणि मागे व दोन्ही बाजूंना 10 सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, कारण अंतिम शब्द त्याचाच. नांदेडच्या मे महिन्यात, जेव्हा किचनमध्ये पंख्याची हवाही गरम लागते, तेव्हा या मोकळ्या जागेची किंमत कळते.

इथंच मॉड्युलर किचनवाले फसवतात. साधा, ओट्यावर ठेवायचा ओव्हन ते ट्रॉलीच्या बंद कप्प्यात 'फिट्ट' बसवून देतात. दिसतं एकदम पॉश! पण गरम हवा बाहेर जायला वाट नाही. ओव्हन मग मध्येच आपोआप बंद पडतो, आणि लवकर म्हातारा होतो. कप्प्यातच हवा असेल तर बिल्ट-इन मॉडेल घ्या, किंवा कप्पा मागून मोकळा आणि चहूबाजूंनी मोठा करून घ्या.

माप घेताना खोलीही बघा. 28 लिटरचा ओव्हन जवळपास 50 सेंटिमीटर खोल असतो. मागे 10 सोडले की झाले 60, म्हणजे नेहमीच्या ओट्याची पूर्ण रुंदी. जुन्या घरातल्या कडाप्प्याच्या फूटभर फळीवर तो मावणार नाही, अर्धा हवेत राहील! दार बहुतेक ओव्हनचं डावीकडे उघडतं. त्यामुळे डाव्या बाजूला लगेच भिंत किंवा फ्रिज नको. आणि उजवीकडे किंवा खाली गरम भांडं टेकवायला हाताच्या अंतरावर दीड फूट मोकळी जागा हवी.

पाणी इथं, वीज तिथं

लातूरच्या किचनची एक खासियत आहे, ती म्हणजे पाण्याची साठवण. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पण त्या आधीही आणि नंतरही इथल्या घरांना नळाच्या भरवशावर राहण्याची सवय नाही. ओट्याखाली ड्रम, कोपऱ्यात हंडे-घागरी, खिडकीत माठ. किचनमधली सगळ्यात सोयीची जागा पाण्यानं आधीच अडवलेली असते, आणि ते योग्यही आहे! मायक्रोवेव्हसाठी आईला माठ हलवायला सांगू नका. मायक्रोवेव्हच दुसरीकडे न्या.

कारण साठवलेलं पाणी म्हणजे शिंतोडे, ओला हात, ओली फरशी. ओव्हन आणि त्याचा प्लग सिंक, माठ आणि ड्रम यांपासून हाताच्या टप्प्याबाहेर हवा. म्हणजे एका हाताने नळ आणि दुसऱ्याने ओव्हन, असं करताच येणार नाही. गॅसपासूनही अंतर ठेवा. फोडणीचं तेल आणि कुकरची वाफ झरोक्यांतून आत जाते. वास्तूच्या हिशेबात विजेच्या वस्तूही आग्नेयेला आणि गॅसही आग्नेयेला, त्यामुळे दोघांची एका कोपऱ्यात गर्दी होते. निदान मध्ये दोन फूट तरी सोडा.

आणि आपला लाडका कूलर! हॉलमधला कूलर किचनच्या दारातून आत दमट हवा फेकत असेल, तर त्या सरळ रेषेत ओव्हन नको. ओलाव्यानं आतले जोड गंजतात.

सगळ्यात लहान माणसाचा खांदा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मायक्रोवेव्ह विकत घेता तुम्ही, पण वापरतं कोण? तुम्ही सकाळी नऊला बाहेर पडता आणि सात-आठला परत येता. दुपारी दीड वाजता त्याच्यासमोर उभी असते ती आई. चार वाजता शाळेतून आलेली पुतणी. रात्री अकराला, 'लातूर पॅटर्न'च्या क्लासहून परतलेला धाकटा भाऊ. शिवाय कामाला येणाऱ्या मावशी. तुमची उंची पाच फूट नऊ इंच, पण आईची? पाच फूट, जेमतेम. तिचा खांदा येतो जमिनीपासून साधारण चार फुटांवर. आणि ओव्हन आहे फ्रिजवर! उकळतं वरण डोक्याच्या पातळीवरून, न बघता खाली काढायचं. काच घसरली की ते थेट चेहऱ्यावर आणि छातीवर. 'एवढं उंच कामून ठेवायलास रे?' असं आई विचारते, तेव्हा ती कटकट करत नसते. तिचा मुद्दा शंभर टक्के बरोबर असतो.

दुसरी बाजूही आहे. फार खाली ठेवला तर लहान मुलं दार उघडतात, लटकतात. म्हणून मॅन्युअल्स जमिनीपासून किमान 85 सेंटिमीटर, म्हणजे 33-34 इंच सांगतात. हीच बहुतेक ओट्यांची उंची. म्हणजे खालची मर्यादा ओटा, वरची मर्यादा आईचा खांदा. ओव्हनचा तळ या मधल्या फूटभराच्या पट्ट्यातच हवा. अख्ख्या किचनमध्ये फक्त एक फूट! टेप घ्या, आईला भिंतीशी उभं करा, पेन्सिलनं खूण करा. इंटेरिअर डिझायनरच्या थ्री-डी चित्रापेक्षा ही खूण जास्त खरी.

भिंतीवर टांगायचा असेल तर...

जागा कमी म्हणून अनेक जण लोखंडी ब्रॅकेटवर ओव्हन बसवतात. चालतं, पण भिंत कुठली ते आधी बघा. 20 लिटरचा ओव्हन अकरा-बारा किलोंचा आणि कन्व्हेक्शन सोळा ते वीस किलोंचा. वर काचेचं भांडं आणि अन्न. चार इंची पार्टिशनच्या भिंतीवर किंवा नव्या बिल्डिंगच्या सिपोरेक्सच्या भिंतीवर नुसत्या प्लॅस्टिक गिट्टीत स्क्रू ठोकून हे पेलणार नाही. विटेच्या भिंतीत अँकर फास्टनर, आणि सिपोरेक्सला त्याच्यासाठीचे वेगळे फास्टनर. काम झाल्यावर आधी ओव्हनच्या दुप्पट वजन दिवसभर ठेवून बघा, मग ओव्हन.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, किल्लारीचा भूकंप. गणेश विसर्जन करून लोक झोपलेले असताना पहाटे चारच्या सुमाराला दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये आला. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा नांदेडमध्येही भांडी हलली आणि लोक घराबाहेर आले.

त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना डोक्यावर जड वस्तू ठेवलेली आवडत नाही. त्यांची ही सवय आपण मुकाट्यानं उचलावी अशीच आहे. ओव्हनच्या ब्रॅकेटला पुढे इंचभर उंच पट्टी लावून घ्या, म्हणजे धक्क्यानं तो सरकून पडणार नाही. आणि त्याच्या खाली गॅस, पाण्याचा ड्रम किंवा कुणाच्या बसण्या-झोपण्याची जागा नको.

भाड्याच्या घरात काय?

नोकरीसाठी नांदेड किंवा लातूरला आलेल्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या मंडळींना भिंत फोडता येत नाही. टेन्शन नको! घर बघतानाच नळाबरोबर पॉवर पॉइंट कुठे आहे ते विचारा. तो हॉलमध्ये असेल तर मायक्रोवेव्हही खुशाल हॉलमध्ये ठेवा. ओव्हन किचनमध्येच हवा असा काही नियम नाही. न डुगडुगणारं लोखंडी किंवा लाकडी टेबल, मागे-वर मोकळी जागा, झालं काम. घरमालकांना वेगळी लाइन टाकू द्यायला विचारायला लाजू नका. वायरिंग सुधारली तर घर त्यांचंच चांगलं होतं. तोवर 20 लिटरच्या सोलोवरच समाधान माना.

हॉलमध्ये ठेवणार असाल तर वाय-फायचा राउटर मात्र दूर न्या. मायक्रोवेव्हच्या लहरी 2.45 गिगाहर्ट्झच्या, आणि बहुतेक राउटर वापरतात तो 2.4 चा बँड अगदी शेजारचा. बॉससोबत व्हिडिओ कॉल सुरू आहे आणि आत आई दूध गरम करतेय... कॉल का अडखळतो, कळलं ना?

याच लहरींची घरातल्या मोठ्यांना धास्तीही असते. त्यांना दारावरची ती बारीक छिद्रांची जाळी दाखवा. लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, जाळीची छिद्रं अगदी बारीक. त्यातून लहरी बाहेर पडत नाहीत. आणि दार उघडताच त्या तयार होणंच बंद होतं. फक्त दार वाकलेलं, जाळी फाटलेली किंवा कडी ढिली असेल तर ओव्हन वापरू नका.

खोकं उघडण्याआधी...

* इनपुट वॉट बघा. कन्व्हेक्शनला 16 अँपिअरचा पॉइंट आणि वेगळा एमसीबी हवाच.
* अर्थिंग वायरमनकडून तपासा, शक्यतो उन्हाळ्यात.
* मागे, बाजूला आणि वर मॅन्युअलप्रमाणे जागा सोडा. वर कापड-क्रोशाचा रुमाल अंथरून झरोके झाकू नका!
* गॅस, सिंक, माठ आणि कूलरच्या हवेपासून लांब ठेवा.
* तळ ओट्याच्या वर, घरातल्या सगळ्यात कमी उंचीच्या मोठ्या माणसाच्या खांद्याच्या खाली.
* डावीकडे दारासाठी आणि जवळ भांडं टेकवायला मोकळी जागा.

एवढं झालं की शेवटचं फिटिंग राहतं, आणि त्याला ना ड्रिल लागतं ना वायरमन. बटणांवरची अक्षरं इंग्रजी असतात. त्यामुळे चांगला ओव्हन घरात असूनही आई गॅसवरच दूध तापवत राहते. एक कागद घ्या. त्यावर मराठीत लिहा: 'दूध, एक कप – 1 मिनिट', 'भात – दीड मिनिट, वर पाणी शिंपडून', 'पापड – 40 सेकंद', 'स्टीलचं भांडं अजिबात नाही'. चार दिवस वापरून वेळा आपल्या ओव्हनप्रमाणे दुरुस्त करा आणि कागद शेजारच्या टाइलवर, तिच्या नजरेच्या उंचीवर चिकटवा. दुपारी तुम्ही ऑफिसमध्ये असताना आईनं एकटीनं, न घाबरता ताट गरम करून खाल्लं, म्हणजे समजा मायक्रोवेव्ह बरोबर जागी बसला.